पीटभूमी, जमीनवापर धोरण आणि मशीन लर्निंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धोरणाचा मसुदा लिहिणारे, नकाशे बनवणारे आणि त्या नकाशांवर सही करणारे, अशा तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सांख्यिकीचं जुजबी ज्ञान गृहीत धरलं आहे, प्रोग्रॅमिंगचं नाही.

पीट म्हणजे काय, आणि जमिनीच्या धोरणात त्याची एवढी चर्चा का?

पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा साठत गेलेला थर म्हणजे पीट. तो वर्षाला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे दोन मीटरचा थर जमायला दोन ते चार हजार वर्षं लागतात. पीटभूमी पृथ्वीच्या जमिनीच्या जेमतेम ३ ते ४ टक्के आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त तिच्यात आहे.

हिशेब करून पाहा. एक हेक्टर जमीन आणि एक मीटर जाड पीट म्हणजे १०,००० घनमीटर. कोरडं वजन घनमीटरला १०० किलो धरलं तर १,००० टन. त्यातला निम्मा कार्बन, म्हणजे ५०० टन. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे १,८०० टन. चर खणून पाणी काढलं की थरात हवा शिरते आणि हा साठा सावकाश हवेत जाऊ लागतो. निचरा केलेल्या पीटभूमीतून दरवर्षी साधारण २ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन होतं.

यात मशीन लर्निंगकडून नेमकी कोणती कामं करून घेता येतात?

मशीन लर्निंग म्हणजे उदाहरणांवरून (नमुन्यांवरून) शिकून अंदाज बांधणारे प्रोग्रॅम; असा शिकलेला प्रोग्रॅम म्हणजे मॉडेल. त्याची कामं अशी: पीट कुठे आहे याचा नकाशा, थराच्या जाडीचा अंदाज, चर आणि कालवे शोधणं, पाणीपातळीचा अंदाज, जमीनवापरातले बदल टिपणं, आगीचा धोका वर्तवणं, आणि धोरणाचा परिणाम झाला का हे तपासणं. यातलं चर शोधण्याचं काम आज सर्वांत भरवशाचं आहे, तर जाडीचा अंदाज सर्वांत कच्चा. गंमत म्हणजे कायद्याची मागणी बहुतेक वेळा जाडीचीच असते.

उपग्रहाला जमिनीखालचं पीट दिसतं का?

नाही. सगळा कारभार दुधाची तहान ताकावर भागवण्याचा आहे. उपग्रहाला वनस्पती, ओलावा, उंची आणि जमिनीची हालचाल दिसते. यांचा पीटशी संबंध असतो, म्हणून मॉडेल अंदाज बांधू शकतं.

सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह दहा मीटर तपशिलात वनस्पती दाखवतो, पण ढगांपुढे त्याचं काही चालत नाही. त्याच मालिकेतल्या सेंटिनेल-१ चं रडार ढगांपलीकडे पाहतं, मात्र त्याची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची असल्यामुळे दाट जंगलात ती शेंड्यांवरूनच परतते. पाण्यात उभं असलेलं जंगल ओळखायचं तर सुमारे २४ सेंटिमीटरची एल-बँड लहर लागते. जपानच्या आलोस मालिकेचे उपग्रह ती वापरतात, आणि जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेलेला भारत-अमेरिकेचा निसारही. काही देशांत विमानातून गॅमा किरणांची मोजणी करतात. खालच्या खडकातून येणारे किरण ओलं पीट अडवतं, त्यामुळे पीटच्या जागी आकडा घसरतो. थराशी थेट नातं असलेल्या मोजक्या खुणांपैकी ही एक आहे.

सुरुवात कुठून करायची?

निर्णयापासून. ‘पीटचा नकाशा हवा’ ही मागणी अर्धवट आहे. ‘कोणत्या भूखंडांना नवीन निचऱ्याची परवानगी नाकारायची’ ही पूर्ण मागणी. असा एक कागद तयार करा ज्यात चारच गोष्टी असतील: निर्णय कोण घेणार, भूखंडाचा किमान आकार किती, पीटची कायदेशीर व्याख्या काय, आणि कोणती चूक जास्त महाग पडते. पीट असून ‘नाही’ म्हणणं महाग की नसून ‘आहे’ म्हणणं महाग?

व्याख्येचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पुढे तोच छळतो. काही ठिकाणी ३० सेंटिमीटर जाडीला पीट म्हणतात, काही ठिकाणी ४०, तर इंडोनेशियात ५०. वेगवेगळ्या व्याख्यांचे नमुने एकाच तक्त्यात मिसळले तर मॉडेल मधलीच एक व्याख्या शिकतं, जी कोणत्याच कायद्यात नाही. म्हणून नमुन्यात ‘पीट आहे/नाही’ असं न लिहिता जाडी सेंटिमीटरमध्ये लिहा. व्याख्या नंतर लावता येते.

प्रशिक्षणासाठी किती आणि कसे नमुने लागतात?

संख्येपेक्षा पसारा महत्त्वाचा. एकाच रस्त्याकडेच्या हजार भोकांपेक्षा (जाडी मोजायला जमिनीत पाडलेल्या) वेगवेगळ्या भूरूपांवरची तीनशे भोकं जास्त शिकवतात.

काम असं चालतं. नदीकाठापासून पीटच्या घुमटाच्या (मध्ये फुगलेल्या थराच्या) माथ्याकडे सरळ रेषा आखायची आणि तिच्यावर ठरावीक अंतराने, समजा दर २५० मीटरवर, थांबायचं. रशियन ऑगर नावाचं अर्ध्या नळीचं गिरमिट खाली रेटून अर्ध्या मीटरचा तुकडा फिरवून कापून वर काढायचा, मग पुढची कांडी जोडून पुन्हा खाली. निळसर-राखाडी चिकणमाती किंवा वाळू लागली की थर संपला. नुसती सळई खुपसून जाडी मोजली तर बुडालेल्या ओंडक्यावर अडकून ती कमी भरते आणि मऊ गाळात घुसून जास्त. काही तुकडे प्रयोगशाळेत सुमारे ५५० अंश सेल्सियसला जाळून वजनातली घट पाहायची, म्हणजे सेंद्रिय भाग कळतो.

तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, ‘इथे पीट नाही’ असे नमुने घेतलेच जात नाहीत, कारण पीट नसलेल्या जागी कोणी भोक पाडायला जात नाही. दुसरी, दाट झाडीखाली हातातल्या जीपीएसची जागा दहा-वीस मीटरने हुकते आणि नमुना शेजारच्या पिक्सेलला चिकटतो. तिसरी, चाळीस वर्षांपूर्वीची जाडी आजची म्हणून वापरली जाते. निचरा केलेला थर दरम्यान मीटर-दीड मीटरने खचलेला असू शकतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रत्यक्ष मोजणीने नकाशा किती बदलतो याचं उदाहरण काँगो खोऱ्याचं आहे. २०१७ मध्ये तिथल्या मध्यवर्ती दलदलीत सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर पीट आणि त्यात ३०.६ अब्ज टन कार्बन असल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या बाजूची नवी मोजणी जमेस धरल्यावर, २०२२ मध्ये क्षेत्र सुमारे १,६७,६०० चौरस किलोमीटर झालं. तिथलं पीट पाच वर्षांत वाढलं नाही, भोकं वाढली.

कोणता अल्गोरिदम वापरावा?

तक्त्याच्या स्वरूपातल्या डेटासाठी रँडम फॉरेस्ट किंवा ग्रेडियंट बूस्टिंग (दोन्ही अनेक ‘निर्णयवृक्षां’चे अंदाज एकत्र करतात). चर, घळ्या अशा आकार असलेल्या गोष्टींसाठी चित्रावर चालणारं न्यूरल नेटवर्क. या प्रश्नावर जेवढ्या बैठका होतात, त्यातल्या निम्म्या नमुन्यांवर व्हायला हव्यात.

कॉम्प्युटर किती मोठा लागतो?

उपग्रहांचा डेटा इंटरनेटवरच हाताळू देणाऱ्या गूगल अर्थ इंजिनसारख्या सेवेवर काम केलं तर साधा लॅपटॉप पुरतो. खर्च गिरमिट घेऊन दलदलीत जाणाऱ्या माणसांवर होतो.

उंचीचा डेटा वापरताना काय सांभाळावं?

उष्ण प्रदेशातली पीटभूमी बऱ्याचदा घुमटासारखी असते, पण तो घुमट इतका पसरट की किलोमीटरमागे चढ एक मीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. २००० साली अवकाशयानातून रडारने घेतलेली एसआरटीएम नावाची उंची मात्र जमिनीची नसून मुख्यतः झाडांच्या शेंड्यांची आहे. वीस-तीस मीटर उंच जंगलाची कड तिथे कड्यासारखी दिसते, तर झाडं तोडलेला चौकोन खड्ड्यासारखा. असा डेटा दिला की मॉडेल घुमट न शिकता जंगल शिकतं, आणि जंगल तुटलं की नकाशावरचं पीटही नाहीसं होतं. झाडांची उंची वजा केलेला भूपृष्ठ-डेटा किंवा लायडारच्या (लेझरने उंची मोजण्याच्या) पट्ट्या वापरा. तेही नसेल तर उंचीचा स्तंभ काढून मॉडेल पुन्हा चालवा आणि फरक पाहा.

नकाशाची अचूकता ९३ टक्के आहे. पुरेशी नाही का?

यावरून काहीच कळत नाही. काल्पनिक आकड्यांवर एक उदाहरण करू.

एकूण १० लाख हेक्टर प्रदेश. मॉडेलने १ लाख हेक्टरवर पीट दाखवलं, ९ लाखांवर नाही. मॉडेलने न पाहिलेले नवे नमुने यादृच्छिक पद्धतीने निवडले: ‘पीट’ भागात २००, उरलेल्यात ४००. पहिल्या भागात ८० टक्के ठिकाणी खरंच पीट निघालं. दुसऱ्या भागात ५ टक्के ठिकाणी निघालं.

क्षेत्रफळाच्या भाराने एकूण अचूकता येते ९३.५ टक्के. छान. पण खरं पीट किती? पहिल्या भागात ८०,००० हेक्टर आणि दुसऱ्यात ९ लाखांचे ५ टक्के, म्हणजे ४५,०००. एकूण सव्वा लाख हेक्टर. मॉडेलच्या १ लाखापेक्षा आकडा तर वाढलाच, शिवाय खऱ्या पीटपैकी ३६ टक्के नकाशाबाहेर राहिलं. या सव्वा लाखालाही ९५ टक्के विश्वासपातळीवर सुमारे २०,००० हेक्टरांची अधिक-उणे मर्यादा आहे.

म्हणून अहवालात क्षेत्रफळ पिक्सेल मोजून देऊ नका, अशा नमुन्यांवरून अंदाजून मर्यादेसह द्या. नकाशा ‘कुठे’ सांगतो, ‘किती’ हे नमुने सांगतात.

चाचणीत मॉडेल उत्तम होतं, नव्या जिल्ह्यात मात्र फसलं. असं का?

बहुधा चाचणीचे नमुने प्रशिक्षणाच्या नमुन्यांना खेटून होते. शंभर मीटरवरची दोन भोकं जवळपास सारखीच असतात. एक प्रशिक्षणात आणि एक चाचणीत गेलं की मॉडेल पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवतं. मध्य आफ्रिकेतल्या जंगलांच्या वजनावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या चाचणीने निम्म्याहून अधिक तफावत समजावता येते असं दिसलं, पण भौगोलिक अंतर ठेवून तपासल्यावर भाकीतशक्ती जवळजवळ शून्यावर आली.

उपाय सोपा आहे: प्रदेशाचे मोठे ठोकळे पाडा आणि अख्खा ठोकळा चाचणीसाठी बाजूला ठेवा. आकडा खाली येईल आणि वरिष्ठ नाराज होतील, पण नव्या जिल्ह्यात जायचं असेल तर तोच आकडा खरा. मात्र प्रदेशाच्या एकूण क्षेत्रफळाचा अंदाज हवा असेल तर वरच्या उत्तरातले यादृच्छिक नमुनेच योग्य. दोन प्रश्न वेगळे आहेत. सोबत एक थर असाही द्या, जो मॉडेलच्या ओळखीबाहेरच्या जागा राखाडी रंगात झाकतो.

नकाशातून कोणत्या जमिनी सर्वाधिक निसटतात?

नेमक्या ज्या सर्वाधिक उत्सर्जन करतात त्या. नैसर्गिक दलदलीच्या नमुन्यांवर शिकलेल्या मॉडेलला निचरा करून नांगरलेली पीटभूमी साध्या शेतासारखी दिसते. जर्मनीत ९० टक्क्यांहून अधिक पीटभूमी निचरा केलेली आहे. तिथे ‘ओली, शेवाळ असलेली जागा म्हणजे पीट’ असं शिकलेलं मॉडेल चालवलं तर थोडासाच भाग हाती लागेल. अशा ठिकाणी जुने मृदा-नकाशे, समांतर चरांची जाळी, जमीन खचण्याचा वेग आणि गॅमा मोजणी जास्त कामाला येतात. तयार जागतिक जमीनवापर नकाशांवर तर विसंबूच नका. डायनॅमिक वर्ल्ड या अशाच एका नकाशाच्या नऊ वर्गांत ‘पीट’ हा वर्गच नाही.

कायदा ‘३ मीटरपेक्षा जाड पीट संरक्षित’ म्हणतो. मॉडेलच्या जाडीवरून रेषा आखावी का?

इंडोनेशियात ही मर्यादा खरोखरच नियमात आहे, त्यामुळे प्रश्न नेहमी येतो. समजा एका भूखंडासाठी मॉडेल २.६ मीटर म्हणतं आणि ९० टक्के शक्यतेची पट्टी ०.९ ते ४.६ मीटर आहे. ‘२.६ म्हणजे तीनपेक्षा कमी, द्या परवानगी’ हे वाचन चूक आहे. जाडीच्या नकाशाऐवजी ‘जाडी ३ मीटरपेक्षा जास्त असण्याची शक्यता’ हा नकाशा काढा आणि तीन पट्टे करा. शक्यता ८० टक्क्यांवर असेल तर संरक्षित धरा, २० च्या खाली असेल तर नाही, आणि मधल्या भागात परवानगीआधी अर्जदाराच्या खर्चाने पण तिऱ्हाइताकडून भोकं पाडून घ्या. सरासरीकडे झुकणं ही या मॉडेल्सची खोड आहे: उथळ थर जाड दाखवतात, खोल थर उथळ. त्यामुळे सर्वांत खोल घुमटच बाहेर राहण्याचा धोका असतो.

८० आणि २० हे आकडे कोण ठरवतं?

धोरणकर्ते. तंत्रज्ञांनी प्रत्येक पर्यायात किती पीट सुटेल आणि किती निर्दोष भूखंड अडकतील याचा तक्ता मांडायचा. आपोआप आलेला ५० टक्क्यांचा उंबरठा कोणी न विचारता वापरला, तर तो निर्णय सॉफ्टवेअरने घेतला असं होतं.

पाणीपातळीवरून उत्सर्जनाचा अंदाज कसा करतात?

वर्षभराची सरासरी पाणीपातळी हा उत्सर्जनाचा सर्वांत मोठा चालक आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती दर १० सेंटिमीटरने वर आणली की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन वाचतं, पातळी पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरपर्यंत येईतो. ७० वरून ४० सेंटिमीटरवर आणली तर हेक्टरी किमान ९ टन. इंडोनेशियाच्या नियमात लागवडीच्या पीटभूमीसाठी ४० सेंटिमीटरची मर्यादा आहे. पृष्ठभागाच्या अगदी जवळ पाणी आणलं की मिथेन वाढतो, तोही हिशेबात धरावा लागतो. मात्र ते पाणी न चढवण्याचं कारण होऊ शकत नाही, कारण मिथेन हवेत दहा-बारा वर्षं टिकतो आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो.

रडार वरच्या काही सेंटिमीटरांचा ओलावा पाहतं. पाणीपातळी ८० सेंटिमीटर खाली असताना पृष्ठभाग पावसाने ओला असू शकतो. म्हणून दर तासाला नोंद करणाऱ्या नळ्या जमिनीत हव्यातच. त्या चरापासून वेगवेगळ्या अंतरांवर बसवा: चराकाठी पातळी सर्वांत खाली असते आणि दोन चरांच्या मध्ये सर्वांत वर.

उपग्रह-निरीक्षणांच्या मालिकेत अचानक उडी दिसली तर?

आधी उपग्रहांची यादी तपासा, मग जमीन. सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि जागा भरणारा सेंटिनेल-१सी डिसेंबर २०२४ मध्ये सुटला. मधल्या काळात बऱ्याच भागांत रडारची निरीक्षणं निम्म्यावर आली. ‘२०२२ मध्ये ओलावा बदलला’ असा निष्कर्ष काढण्याआधी हे पाहिलंच पाहिजे. उत्तरेकडच्या पीटचा पृष्ठभाग ऋतूनुसार वर-खालीही होतो. त्यामुळे जमीन खचते का, हे एका मोसमावरून सांगू नये.

पीटमधली आग मॉडेल आधी सांगू शकतं का?

धोका सांगू शकतं, ठिणगी नाही. बहुतेक आगी माणूस लावतो, म्हणून रस्ते, कालवे आणि मागच्या आगींच्या जागा हे स्तंभ हवामानाइतकेच बोलके ठरतात. धुमसणारी आग कमी तापमानाची आणि जमिनीखालची असते. उपग्रहाने टिपलेल्या ३७५ मीटर तपशिलाच्या उष्णताबिंदूंतून ती निसटते. ‘बिंदू नाही म्हणजे आग नाही’ असं लेबल प्रशिक्षणात जाऊ देऊ नका.

धोरणामुळे आगी किंवा जंगलतोड कमी झाली, हे मशीन लर्निंगने सिद्ध होतं का?

भाकीत करणारं मॉडेल कारण सांगत नाही. इंडोनेशियात अधिकृत आकड्यांनुसार २०१५ मध्ये सुमारे २६ लाख हेक्टर जळालं, आणि जानेवारी २०१६ मध्ये पीट-पुनर्स्थापनेसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २०१६ हे वर्षच पावसाळी होतं, हे पाहता पुढची घट सगळी धोरणाच्या खात्यावर मांडता येत नाही. २०१९ च्या कोरड्या वर्षात पुन्हा सुमारे १६ लाख हेक्टर जळालं. तुलना करायची ती सारखं हवामान, सारखा उतार, रस्त्यापासून सारखं अंतर असलेल्या पण धोरण लागू नसलेल्या जागांशी. संरक्षित जागा मुळातच दुर्गम असतात, त्या तशाही कमीच तुटल्या असत्या. मशीन लर्निंगचा उपयोग ‘धोरण नसतं तर काय झालं असतं’ याचा अंदाज बांधायला होतो. धोरणाआधीच्या वर्षांत तो अंदाज प्रत्यक्षाशी जुळला नाही, तर नंतरच्या फरकाला अर्थ नाही.

कायदे, हरकती आणि अहवाल वाचायला भाषा-मॉडेल वापरावं का?

शोधायला हो, ठरवायला नाही. शेकडो दस्तऐवजांतून ‘पीटची व्याख्या’ किंवा ‘पाणीपातळीची मर्यादा’ काढून तक्ता करणं ही कामं ते चांगली करतं, पण प्रत्येक रकान्यापुढे मूळ वाक्य जसंच्या तसं आणि पान क्रमांक मागा. ते वाक्य मूळ मजकुरात अक्षरशः सापडतं का, हे साध्या शोध-आज्ञेने तपासा. न सापडलेलं रद्द. पन्नास दस्तऐवज दोन माणसांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या, म्हणजे माणसांचं तरी आपसात किती जुळतं ते कळेल.

हरकतींचा सारांश काढताना एक हमखास दगा होतो. एकाच नमुन्याची तीनशे पत्रं सारांशात वरचढ ठरतात, आणि ‘या बांधाच्या वर आमचं पाणी अडेल’ असं नेमकं ठिकाण सांगणारं एक पत्र गायब होतं. आधी सारखी पत्रं वेगळी काढा, आणि ठिकाणाचा उल्लेख असलेलं प्रत्येक पत्र माणसाने वाचावं.

युरोपीय संघाच्या निसर्ग-पुनर्स्थापना नियमासाठी हे वापरता येईल का?

२०२४ च्या या नियमानुसार शेतीखालच्या निचरा केलेल्या पीटभूमीपैकी ३० टक्क्यांवर २०३० पर्यंत पुनर्स्थापनेचे उपाय करायचे आहेत आणि त्यातला किमान चौथा हिस्सा पुन्हा ओला करायचा आहे. २०४० साठी ४० टक्के आणि २०५० साठी ५० टक्के, दोन्हीत किमान एक तृतीयांश ओला. टक्केवारी आली की छेद, म्हणजे शेतीखालच्या निचरा केलेल्या पीटभूमीचं एकूण क्षेत्र, महत्त्वाचा. वर सांगितलेली निसटलेली जमीन छेदातून गेली तर लक्ष्य कागदावर आपोआप सोपं होतं. आधारनकाशा गोठवा, त्याला आवृत्ती क्रमांक द्या, आणि सुधारणा केल्यास जुन्या वर्षांचे आकडे नव्याने काढा.

जमीनमालक म्हणाला, ‘माझ्या शेतात पीट नाही,’ तर?

तो बरोबर असू शकतो. वरच्या उदाहरणात ‘पीट’ दाखवलेल्या पाच ठिकाणांपैकी एक चूक होतं. हरकतीसाठी ठरलेली वाट हवी: भूखंडाची शक्यता आणि ती कशावरून आली हे साध्या भाषेत एका पानावर, ठरावीक दिवसांत भेट, कोपऱ्यांत आणि मध्ये मिळून किमान पाच भोकं, मालकासमोर मोजणी, गिरमिटातल्या तुकड्याचं पट्टीसह छायाचित्र. निकाल काहीही लागो, मोजणी नमुन्यांच्या तक्त्यात जाते. फक्त त्यावर ‘हरकतीतून आलेला’ अशी खूण ठेवा. हरकती बहुतेक ‘पीट नाही’ म्हणणाऱ्यांच्याच येतात. खूण न करता त्या प्रशिक्षणात घेतल्या तर पुढच्या आवृत्तीत पीट कमी होत जाईल. अचूकतेच्या हिशेबात त्या धरूच नका.